चौथी सीट

टंगस्टन मोडणं हे माझं काम. पण ते बंगळुरूच्या मारतहळ्ळीत, संगणकापुढे बसून. बाहेर रिंग रोडवर गाड्या तुंबलेल्या असतात, आणि इथे मी एका अणूला धक्का देऊन पुढच्या वीसेक पिकोसेकंदांत काय होतं ते पाहत असतो.

संलयन भट्टीत ड्युटेरियम-ट्रिटियम एकत्र आले की १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा न्यूट्रॉन सुटतो. त्याला विद्युतभार नाही, म्हणून चुंबकीय क्षेत्राला तो जुमानत नाही. थेट भिंतीत शिरतो. टंगस्टनसारख्या जड अणूला एका टकरीत तो फार तर तीन लाखांपर्यंत इलेक्ट्रॉन-व्होल्ट देतो. अणू जागचा हलायला मात्र नव्वदच्या आसपास पुरतात.

साहजिकच पहिल्या पिकोसेकंदात पडद्यावर नुसता हाहाकार दिसतो. नवख्या विद्यार्थ्यांना हेच चित्र अहवालात घालायची भारी हौस! मी काढायला लावतो. कारण लगेचच बहुतेक अणू कुठल्या ना कुठल्या जागी बसतात. उरतात थोड्या रिकाम्या जागा आणि तेवढेच जास्तीचे अणू. हा जास्तीचा अणू म्हणजे मुंबई लोकलमधली चौथी सीट: एक जण टेकतो आणि अख्ख्या बाकाला सरकावं लागतं. टंगस्टनमध्ये अशी दाटलेली रांग अगदी सहज घसरत दूर जाते. रिकामी जागा मागेच राहते आणि तिच्यात ट्रिटियम अडकतं. इटर या आंतरराष्ट्रीय संलयन प्रकल्पानं २०२३मध्ये आतल्या भिंतीसाठी बेरिलियम सोडून टंगस्टन घ्यायचं ठरवलं, तेव्हापासून हा हिशेब जास्तच निकडीचा झाला आहे. त्या प्रकल्पात भारतही भागीदार आहे.

१९६० साली ब्रुकहेवन प्रयोगशाळेत व्हाइनयार्ड आणि सहकाऱ्यांनी तांब्यावर हे गणित मांडलं, तेव्हा हाताशी काहीशे अणू होते. आज लाखो असतात. तरी मदार तीच, अणूंमधल्या बलाच्या सूत्रावर. नेहमीच्या अंतरावर बिनचूक चालणारं सूत्र अणू अंगावर आले की भलतंच बोलू लागतं. तिथे झीग्लर-बिअरसॅक-लिटमार्क यांचं सूत्र जोडावं लागतं. सांधा कुठे द्यायचा, यात खरी कारागिरी. तो जरा हलवा, उरलेल्या दोषांची संख्या बदलते. संगणक मात्र दोन्ही उत्तरं सारख्याच आत्मविश्वासानं देतो.

आणि वीस पिकोसेकंदांवरून भिंतीची वीस वर्षं सांगता येत नाहीत. स्पेनमध्ये ग्रानादाजवळ उभ्या राहणाऱ्या इफमिफ-डोन्स या चाचणी-केंद्रात लिथियमवर ड्युटरॉनचा झोत सोडून संलयनासारखे न्यूट्रॉन मिळवायचे आहेत. तिथे भाजलेला तुकडा कापून तपासला जाईपर्यंत माझ्या आकड्यांवर कुणी भिंतीचं आयुष्य ठरवू नये.