गोदाकाठ सोडून लातूरकडे

इतवाऱ्यात १२ वर्षे राहिलो आणि बदली झाली म्हणून दिवाळीच्या सुट्टीत नांदेड सोडले. निरोप देताना शेजारच्या खाला म्हणाल्या, "बेटा, लातूरला पाणी जपून वापरा." विष्णुपुरी धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या आमच्या मुलांना हसू आले.

गाडीत सफरची दुआ पढलो. शहराची हद्द मागे पडली आणि आम्ही मुसाफिर झालो. लोह्याला जोहरच्या चारऐवजी दोनच रकात फर्ज अदा केली.

मग वाट थोडी वाकडी करून कंधार गाठले. हाजी सय्याह यांच्या दर्ग्यात फातिहा पढून किल्ला पाहिला. भोवती खंदक, आणि गावाजवळ राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र तलाव. हजार वर्षांपूर्वीही इथे पाणी अडवूनच राहावे लागे, हे मुलांना डोळ्यांनी दिसले.

अहमदपूर, चाकूरच्या रस्त्याला सोयाबीनच्या राशी लागल्या होत्या. तिथे मुलांना २०१६ सालची गोष्ट सांगितली. मांजरा धरण आटले, तेव्हा एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिल्या गाडीत १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. धाकट्याने विचारले, "मग लोक वुजू कशाने करायचे?" वाहत्या नदीवरही वुजूत पाणी उधळू नये, ही शिकवण त्याला तेव्हा समजावता आली.

लातूरला असर पूर्ण चार रकात पढलो. आता हेच आमचे गाव. थोरलीने नळ बंद ठेवून एका लोट्यात वुजू उरकला; तिला कोणी सांगितले नव्हते.