तेरावा नंबर

ऑगस्ट 2016 मधली संध्याकाळ. शाळा सुटून बराच वेळ झाला होता, तरी आमची दहा-बारा पोरं घरी गेली नव्हती. बाहेर भुरभुर चालू होती, म्हणून सगळे व्हरांड्यात माझ्या मोबाइलभोवती गोळा झाले होते. रिओ ऑलिंपिकमध्ये दत्तू भोकनळची एकेरी नौकानयनाची उपांत्यपूर्व फेरी होती. दत्तू आमच्या चांदवड तालुक्यातला, तळेगाव रोहीचा. नौकानयनात रिओला गेलेला तो एकटाच भारतीय.

रेंज धड नव्हती. चित्र अडकायचं, पुन्हा सुरू व्हायचं, तोवर होड्या कुठल्या कुठे गेलेल्या असायच्या. शेवटी निकाल कळला. दत्तू चौथा आला होता, 6 मिनिटं 59.89 सेकंद. पदकासाठी पुढे जाणार होते पहिले तीन.

"म्हंजे हारला ना सर?" सातवीतल्या एका पोराने विचारलं.

"हो, हरला," मी म्हणालो आणि मोबाइल खिशात टाकला.

पोरं दप्तरं उचलून मुकाट्याने निघून गेली. त्या उत्तराची टोचणी मला आजही आहे. मी क्रीडाशिक्षक आहे. त्या पोरांना खेळातलं जे काही कळणार होतं ते माझ्या तोंडूनच कळणार होतं, आणि मी त्यांना एवढंच सांगितलं.

कारण दत्तूचं ऑलिंपिक तिथे संपलं नव्हतं. पदकाच्या बाहेर पडल्यावरही नौकानयनात नंबर ठरेपर्यंत शर्यती चालूच राहतात. ज्या टीव्हीवर कोणी दाखवत नाही, अशा त्या शर्यती. दत्तू त्यातल्या 'सी' गटाच्या अंतिम शर्यतीत उतरला आणि पहिला आला. वेळ 6 मिनिटं 54.96 सेकंद, उपांत्यपूर्व फेरीपेक्षा पाच सेकंदांनी सरस. पदक मिळणार नाही हे माहीत असताना माणूस त्या आठवड्यातली आपली सगळ्यात चांगली वेळ देतो, याला काय म्हणायचं? एकूण क्रमवारीत तो तेरावा ठरला. त्याआधी एकेरीत बजरंगलाल ठाकर 2008 मध्ये बीजिंगला एकविसावा आला होता आणि 2012 मध्ये लंडनला स्वर्णसिंग सोळावा.

सुवर्णपदक न्यूझीलंडच्या माहे ड्रायस्डेलला मिळालं, 6 मिनिटं 41.34 सेकंदांत. क्रोएशियाच्या दामिर मार्टिनचीही वेळ तंतोतंत तेवढीच होती, निकाल फोटोवर लागला. दत्तूच्या आणि त्यांच्या वेळेत फरक होता 13.62 सेकंदांचा. शर्यती वेगळ्या, वाराही वेगळा, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, हे कबूल. पण आमचा आठवीतला चपळ पोरगा शंभर मीटर साधारण तेवढ्याच वेळात पळतो. जगातल्या पहिल्या माणसात आणि आमच्या तालुक्यातल्या माणसात अंतर होतं ते इतकं.

हे अंतर कुठून कापलं होतं, ते मला ठाऊक आहे. दत्तू लहानपणापासून वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जायचा. मीही उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन वर्षं ते काम केलं आहे. पाणाड्या जागा दाखवतो. वरचा मुरूम दोन-तीन परस सहज निघतो, मग काळा पाषाण लागतो. सुरुंग उडाला की धूर निवळायच्या आत खाली उतरायचं, डबर फोडायचं, यारीच्या टोपल्यात भरायचं. वर बघितलं तर परातीएवढं आभाळ. तिथे दिवसभर पाठ, खांदे आणि मांड्या यांचंच काम. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतात. 2016 च्या उन्हाळ्यात तर हंड्यांच्या रांगा संपत नव्हत्या. अशा ठिकाणी पाणी शोधायला जमिनीत उतरणारा पोरगा पुढे पाण्यावरच नाव काढतो, आणि तोही सुरुवातीला पाण्याला घाबरणारा!

2011 मध्ये वडील गेले. दत्तूने पेट्रोल पंपावर काम केलं, 2012 मध्ये सैन्यात भरती झाला. तिथे त्याची उंची पाहून त्याला वल्हं हातात दिलं गेलं, आणि पुण्यात सैन्याच्या केंद्रात तो घडला. वल्हं हातात आल्यापासून चार वर्षांत तो ऑलिंपिकला होता. रिओच्या वेळी घरी आई गंभीर आजारी होती.

टेनिसमध्ये जगात तेरावा असलेला खेळाडू कोट्यवधी रुपये कमावतो. तिथे दोनशे-तीनशेच्या पुढच्यांना मात्र प्रशिक्षक आणि विमानाचा खर्च भागवताना नाकी नऊ येतात. ऑलिंपिक नौकानयनात तर पहिल्यालाही बक्षिसाची रक्कम नसते, मग तेराव्याची काय कथा. दत्तू टिकला तो सैन्याच्या पगारावर. वरचा नंबर नसलेल्या माणसाची कारकीर्द कोणाच्या तरी खांद्यावर उभी असते, हे पालकांना सांगताना मी आता लपवत नाही.

पुढे एका शिबिरासाठी मी पुण्याला गेलो होतो. तिथल्या व्यायामशाळेत रोइंगचं यंत्र होतं. दत्तूच्या शर्यतीइतकेच दोन हजार मीटर मारून बघायचं ठरवलं. पहिले पाचशे जोमात गेले. हजारावर मांड्या पेटल्या, दीड हजारावर डोळ्यांपुढे अंधारी आली. संपवलं तेव्हा काट्यावर 9 मिनिटं 40 सेकंद होते. दोन्ही तळव्यांवर, बोटांच्या मुळाशी, फोड आले होते. ते जागेवर स्थिर असलेलं यंत्र होतं. दत्तूची होडी जेमतेम चौदा किलोची, अंगाला लागून असावी एवढी अरुंद, तोल गेला की पाण्यात. त्यात वल्हवणारा पाठमोरा बसतो. चौथ्या माणसाला पाचवा आणि सहावा समोर दिसतात, पुढचे तिघे दिसतच नाहीत. हे मी शाळेत परत आल्यावर पोरांना पाटावर बसून, दोन काठ्या हातात धरून दाखवलं.

2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तो एकेरीच्या अंतिम शर्यतीत शेवटचा आला आणि दुसऱ्याच दिवशी, 24 ऑगस्टला, स्वर्णसिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या होडीत सुवर्णपदक जिंकला. एकेरीतल्या त्या शर्यतीवरून नौकानयन महासंघाने 2019 मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली आणि 2020 च्या जानेवारीत ती उठवली. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. या बंदीमुळे त्याचे ऐन उमेदीतले महिन्यांमागून महिने गेले, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्या शाळेत क्रीडादिनाच्या वहीत फक्त पहिली तीन नावं लिहायची पद्धत होती. ती मी बंद केली. आता जो पळेल त्याचं नाव, तारीख आणि वेळ वहीत चढते, शेवटच्याचीही. पुढच्या वर्षी पोरं आधी स्वतःची जुनी वेळ शोधतात. मागच्या खेपेला सोळावी आलेली एक मुलगी चार सेकंदांनी सुधारून पंधरावी आली आणि वही घेऊन धावत माझ्याकडे आली. तिला नंबर सांगायचाच नव्हता, वेळ दाखवायची होती.

त्या सातवीतल्या पोराला मी नंतर वर्गातून बाहेर बोलावून सांगितलं, की दत्तू हरला असं मी म्हणालो ते चूक होतं. रिओनंतर आणखी दोन ऑलिंपिक झाली. एकेरी नौकानयनात भारताचा सर्वोत्तम क्रमांक अजूनही तेरावाच आहे, आणि तो तळेगाव रोहीच्या दत्तूचा आहे.