रॅपिडच्या पोटात पोलो

गेल्या महिन्यात आमच्या रॅपिडच्या पुढच्या डाव्या चाकातून टकटक आवाज यायला लागला. खड्ड्यात गेली की टक, ब्रेक दाबला की टक. एरवी मी महिनाभर दुर्लक्ष केलं असतं. मास्तर माणसाची गाडी, ती शाळा ते घर एवढीच धावते. पण गुरुवारी अब्बांना पुण्याला न्यायचं होतं. त्यांना काचबिंदू आहे. एका डोळ्याची नजर जवळजवळ गेली आहे, दुसऱ्याची वाचवायची धडपड चालू आहे. डॉक्टरांची तारीख चुकली की पुढची दीड महिन्याने.

होटगी रोडच्या गॅरेजवाल्या उस्तादांनी गाडी जॅकवर घेतली, पहारीने चाकामागे दाब देऊन पाहिलं आणि म्हणाले, "लोअर आर्म गेला, सर. बॉल जॉइंटमध्ये खेळ आलाय." लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा लोखंडी हात. तो जॉइंट वेगात असताना निसटला तर चाक हवं तिकडे वळतं. आणि आम्हाला जायचं होतं अडीचशे किलोमीटर.

सुट्या भागांच्या दुकानात रॅपिडचा आर्म नव्हता. "आठ दिवस लागतील. पोलोचा आहे, तो चालेल." 'चालेल' हा आपल्याकडचा फार धोक्याचा शब्द आहे. मी आर्म घेतला खरा, पण गॅरेजवर येऊन उस्तादांना म्हणालो, "ती फोक्सवॅगन, ही स्कोडा. ती छोटी हॅचबॅक, ही सेडान. अब्बा मागे बसणार आहेत हो!" उस्ताद हसले. म्हणाले, "सर, गाडी तुम्ही वरून बघता, मी खालून बघतो."

त्या रात्री मी या खालच्या बाजूची बरीच माहिती वाचून काढली, आणि थोडी लाजही वाटली. माझी गाडी २०१४ ची, सेकंड हँड घेतलेली, आणि ती कोण आहे हे मला माहीतच नव्हतं. पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. २०१० मध्ये तिथून पोलो आली. त्याच वर्षी पोलोचाच पाया लांबवून, मागे डिकी जोडून व्हेंटो ही सेडान आली. २०११ च्या नोव्हेंबरात व्हेंटोला स्कोडाचं तोंड लावून रॅपिड आली. व्हेंटो आणि रॅपिड दोघींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २५५२ मिलिमीटर, म्हणजे अगदी तेवढंच. गंमत म्हणजे पुढच्या वर्षी युरोपात स्कोडाने रॅपिड नावाची जी गाडी काढली, ती वेगळीच निघाली. नाव एक, गाड्या दोन. आणि इकडे गाडी एक, नावं दोन.

या समान पायाला कंपन्या प्लॅटफॉर्म म्हणतात. पोलो, व्हेंटो आणि भारतातली रॅपिड यांच्या प्लॅटफॉर्मचं नाव पीक्यू २५. पायात काय काय येतं? गाडीचा तळ, इंजिन आणि माणसं यांच्यामधली पत्र्याची भिंत, इंजिन जिथे टेकतं त्या जागा, चाकं जिथे बांधली जातात ते बिंदू, स्टिअरिंगची मांडणी. गाडी बनवताना सगळ्यात जास्त पैसा आणि वर्षं इथेच जातात. अपघाताच्या चाचण्या, साचे, वेल्डिंगच्या रांगा, सगळं यावर उभं असतं. म्हणून एकदा पाया जमला की त्यावर दोन-तीन घरं बांधायची. बंपर, दिवे, जाळी, बॉनेट, सीटचं कापड, स्प्रिंगांचा कडकपणा हे बदलता येतं आणि कमी खर्चात बदलतं. गिऱ्हाईक नेमकं तेवढंच बघतं. याची दुसरी बाजूही आहे. पायात चूक राहिली तर ती एका गाडीची राहत नाही, सगळ्या भावंडांना लागते.

यात फसवणूक आहे का? मला थोडी वाटते. तोच सांगाडा दोन शोरूममध्ये दोन वेगळ्या स्वप्नांच्या भावात विकायचा, आणि सेल्समनने शेजारच्या शोरूमचं नावही काढायचं नाही. पण पाया लपवला म्हणून वरचा फरक खोटा ठरत नाही, हे मला अब्बांकडून कळलं होतं. फक्त ते विसरलो होतो.

अब्बा ड्रायव्हर. सोलापूर स्टेशनवर उतरलेल्या भाविकांना तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर फिरवून आणायचे. आधी मालकाची इंडिका होती, नंतर इंडिगो आली. टाटांनी १९९८ मध्ये इंडिका दाखवली आणि २००२ मध्ये तिच्याच पायावर इंडिगो सेडान काढली. सेडानचा किलोमीटरचा दर जास्त. मग एखादा चिकट प्रवासी म्हणायचा, "ड्रायव्हर, ही तर शेपूटवाली इंडिकाच की! दर कसला वाढवताय?" अब्बा चिडत नसत. "पीछे बैठो, फिर बोलो," एवढंच म्हणत.

त्या शेपटीचं पुढे काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. २००६ च्या बजेटात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरची एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आली. मग २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची डिकी कापून तिला चार मीटरच्या आत बसवलं. तीच इंडिगो सीएस. आज रस्त्यावर ज्या आखूड डिकीच्या सेडान दिसतात, त्यांची चाल तिथून सुरू झाली. अब्बांना ती गाडी मुळीच आवडली नाही. "बॅगा कुठं ठेवायच्या? कराच्या कागदात?"

बुधवारी मी अब्बांनाच गॅरेजवर घेऊन गेलो. खरं तर मला निर्णय त्यांच्यावर ढकलायचा होता. उस्तादांनी जुना आर्म सोडवून पुसला आणि नव्याशेजारी बाकड्यावर ठेवला. अब्बांना दोन्ही धूसर दिसत होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि बोटांनी बघायला लागले. आधी जुना. बुशची भोकं, वाक, बॉल जॉइंटची टोपी, बोल्टांची जागा. मग नवा, त्याच क्रमाने. गॅरेजमधला पोऱ्या पाना हातात धरून उभा राहिला. मग अब्बांनी मला नंबर वाचायला सांगितला. दोन्हींवर सुरुवात '६आर' अशीच होती. हे पोलोच्या पिढीचं चिन्ह. माझ्या स्कोडाच्या हाडावर पोलोचं नाव पहिल्या दिवसापासून कोरलेलं होतं, वाचलं मात्र मी दहा वर्षांनी.

"दोनो एकीच हैं," अब्बा म्हणाले. "नंबर देख, नाम नक्को देख. और जोडी से बदल, एक तरफ का नक्को."

मी वर्गात उर्दूही शिकवतो आणि मराठीही. शाळेत एक सहकारी मला अधूनमधून प्रेमाने विचारतात, "सर, तुमची खरी भाषा कुठली?" मी काहीतरी हसून वेळ मारून नेतो. अब्बांच्या त्या दोन वाक्यांत 'एकीच'मधला 'च' मराठीचा आहे, 'नक्को' मराठीचा आहे, आणि अब्बांना विचाराल तर ते आपल्या घरची दखनी बोलत होते. पुढच्या वेळी त्या सहकाऱ्यांना मी गॅरेजवर नेणार आहे.

उस्तादांनी संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंचे आर्म बसवले, अलाइनमेंट करून घेतली. गुरुवारी फजरची नमाज झाल्यावर निघालो. अब्बांनी रेडिओ बंद करायला लावला. मोहोळ गेलं, टेंभुर्णी गेलं. प्रत्येक स्पीडब्रेकरला ते मान किंचित तिरकी करून ऐकत होते. इंदापूरच्या पुढे म्हणाले, "गया आवाज. अब चाय पिला."

भिगवणला चहाच्या टपरीपुढे एक नवीकोरी सेडान उभी होती. अब्बा जवळ गेले, छताच्या कडेवरून हात फिरवला आणि नाव विचारलं. मी म्हणालो, "व्हर्टस. फोक्सवॅगनची. २०२२ मध्ये आली, चाकणचीच."

"इसका भाई कौन?"

"स्लाव्हिया. स्कोडाची. त्याच वर्षीची."

"पाया कितने का?"

"दोघींचा २६५१ मिलिमीटर."

अब्बांनी मनातल्या मनात हिशेब केला. "तेरी से दस सेंटीमीटर बडी," ते म्हणाले आणि चहाकडे वळले.