अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी

पुणे

चि. सई,



सायन्स घेतलं तर चित्रकला सुटेल आणि आर्ट्स घेतलं तर बाबा बोलायचे नाहीत, असं तू लिहिलंस. त्यातली पहिली भीती आधी काढून टाक. अहमदाबादची एनआयडी घे, आयआयटीतलं बी.डेस. घे, नाहीतर मुंबईच्या जे. जे.तलं बीएफए घे. बारावी कोणत्या शाखेतून केली, यावरून यातलं एकही दार बंद होत नाही. आयआयटीत डिझाइन शिकायला जेईई लागत नाही, यूसीड नावाची वेगळी परीक्षा असते आणि तिला कॉमर्सची मुलंही बसतात. अपवाद आर्किटेक्चरचा. तिथे बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. म्हणून घराच्या, इमारतीच्या नकाशात मन रमतंय का, एवढं मात्र अर्ज भरण्याआधी स्वतःला विचार. रमत असेल तर गणित सोडू नकोस.

तू ॲनिमेशन, फॅशन, इंटिरिअर, गेम डिझाइन अशी यादी पाठवलीस. यादी वाईट नाही, पण ती वाचताना मला तू त्यात कुठे दिसेनास. तू दिसलीस ती मराठी भाषा गौरव दिनाला रंगवलेल्या शाळेच्या फळ्यात. त्याचा फोटो मी मोठा करून करून पाहिला. ‘शालेय’ या शब्दात तू देठाचा श आणि पाकळीचा ल काढला आहेस. आपल्या फोनवर बहुतेक वेळा हिंदी वळणाचा, दंडाचा ल दिसतो. तू रोज तोच वाचतेस, तरी हातातून मराठी वळण आलं. शिवाय खडू आडवा धरून जाड रेघ ओढलीस आणि ती उजवीकडून डावीकडे उतरताना जाड ठेवलीस. बोरूनं देवनागरी लिहिताना अगदी तसंच होतं. इंग्रजीसाठी कापलेली तिरकी निब घेऊन देवनागरी लिहायला बसलं, की जाड-बारीक उलटं पडतं. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या बघण्यातून ते आलं, आणि मला सगळ्यात जास्त आनंद त्याचाच झाला.

अक्षरं घडवणं हा पोटापाण्याचा व्यवसाय असतो, हे तुझ्या यादीत नव्हतं म्हणून मुद्दाम लिहिते. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण जो ‘मंगल’ फाँट वापरला तो र. कृ. जोशी यांनी केला. ते जे. जे.त शिकले, जाहिरातक्षेत्रात काम केलं आणि पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवलं. कमल शेडगे यांनी रेखाटलेली नाटकांची नावं वर्तमानपत्रातल्या जाहिरातींत पाहत माझी पिढी वाढली. नाटक गंभीर की विनोदी, हे त्या अक्षरांवरूनच कळायचं. आज मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फाँट कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. ‘मुक्त’ उतरवून घे आणि ‘तऱ्हा’, ‘दर्या’, ‘ज्ञानेश्वर’, ‘शृंगार’ असे शब्द चांगले मोठे टंकून बघ. जोडाक्षरं धरली तर देवनागरीच्या एका फाँटसाठी शेकडो आकार काढावे लागतात आणि संगणकाला ते जोडायचे नियमही लिहून द्यावे लागतात. बाबांना तू कॉम्प्युटरकडे जावंस असं वाटतं ना? त्यांना हे काम दाखव. ते समंजस आहेत, ‘कलाकार होणार’ हे शब्द ऐकून घाबरले आहेत एवढंच.

आता तयारीचं. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळाली, दहावीला सात गुण वाढले, आणि चित्रांची वही मिटून ठेवलीस असं तुझी आई म्हणाली. ती वही उघड. त्या परीक्षेतल्या स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांसारखे पेपर बीएफएच्या प्रवेश परीक्षेतही भेटतात. फक्त तिथे गुळगुळीत शेडिंगपेक्षा तुला वस्तू कळली आहे का, हे बघतात. कळशी काढताना तिचं तोंड लंबवर्तुळ का दिसतं, आणि ती डोळ्यांच्या पातळीला आली की ते सरळ रेघ का होतं, हे आईची कळशी फळीवर वर-खाली ठेवून स्वतः पाहा. एसटी स्टँडवर बस आणि गाठोड्यावर टेकून झोपलेल्या बाईचं वजन कुठे पडलंय ते काढ. चेहरा आला नाही तरी चालेल. फोटोवरून चित्रं काढणं सध्या थांबव. फोटोत सगळं आधीच सपाट झालेलं असतं, त्यामुळे तुला ठरवायला काही उरत नाही.

क्लास लावू का, असं विचारलंस. बारावीत काही महिने लावायला हरकत नाही, वेळेत पेपर सोडवायची सवय होते. पण आत्तापासून लावू नकोस. पाच वर्षांतल्या वेगवेगळ्या मुलांची कामं शेजारी ठेवली तरी कुणाचं कुठलं ते ओळखू येऊ नये, असे क्लास मी पाहिले आहेत. मुलाखत घेणाऱ्या माणसांना तो साचा ताबडतोब दिसतो. तुझ्या वहीतली खोडाखोड, फसलेले आराखडे, बाजूला लिहिलेल्या टिपा हे सगळं जपून ठेव. पोर्टफोलिओत तेही लागतं.

पैशाचं मोकळेपणानं बोलू. सरकारी संस्था आणि खाजगी डिझाइन कॉलेज यांच्या फीमध्ये फार मोठं अंतर आहे, आणि चकचकीत माहितीपत्रकावरून त्या कॉलेजात काय शिकवतात ते कळत नाही. कुठलंही खाजगी कॉलेज ठरवण्याआधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची कामं बघायला मिळतील का, एवढं विचारायचं. टाळाटाळ झाली तर पुढच्या कॉलेजाकडे वळायचं. कर्ज काढून जायची वेळ आलीच तर ते किती वर्षांत फिटेल, याचा हिशोब तू स्वतः बाबांच्या शेजारी बसून कर.

बाबांशी मी रविवारी फोनवर बोलते. तोवर तुमच्या बाजारपेठेतल्या हातानं रंगवलेल्या जुन्या पाट्यांचे फोटो काढून ठेव. फ्लेक्समुळे त्या भराभर उतरताहेत. आणि रंगवणारे पेंटर अजून काम करत असतील तर त्यांना भेट, शिरोरेषा आधी ओढतात की अक्षर, ते विचार.

तुझी,
मावशी