गाठ एकास एक

मागावरचं बीम संपत आलं की नव्या बीमचं एकेक सूत जुन्या सुताच्या टोकाला गाठतात. एखादं सुटलं किंवा एकाला दोन बांधली गेली, की दोष कापडात उमटतो. सोलापुरात हे समजावून सांगावं लागत नाही. दोन डेटाबेस फाइली जोडून त्यांतली एक अपडेट करतानाही हाच नियम लागतो, आणि तो आधी तपासणं हे या कामातलं निम्मं कौशल्य आहे, असं मला वाटतं. आयबीएमने १९८८ साली आणलेल्या एएस/४०० वर, फाइली जोडून दाखवणारी जॉइन लॉजिकल फाइल फक्त वाचता येते, तिच्यातून अपडेट होत नाही. अनेकांना ही उणीव वाटते, मला शहाणपण वाटतं. एका चादरीचं नाव जोडलेल्या पाच ओळींत दिसत असेल आणि एकाच ओळीत ते बदललं, तर उरलेल्या चार ओळींचं काय?

समजा, चादरी-टॉवेलच्या पेढीत आयटम मास्टरमध्ये ५०० वाण आहेत आणि ६० वाणांचे नवे दर वेगळ्या फाइलीत आले. एसक्यूएलच्या अपडेटमध्ये ‘जुळणी असेल तरच’ ही व्हेअर एक्झिस्ट्सची अट घालायची राहून गेली, तर उरलेल्या ४४० वाणांचा दर नल होऊ पाहतो. रकान्यात नल चालत नसेल तर स्टेटमेंट अडतं, आणि ते अडणं हे उपकारच. घाईत कोअलेस लावून तिथे शून्य बसवलं, की चूक मुकाट्याने बिलावर छापून येते. आरपीजी प्रोग्राममध्ये दरफाइल वाचत मास्टरला चेन केलं, तर न जुळलेले वाण सुरक्षित राहतात; पण एका कोडचे दोन दर आले असतील तर नंतरचा आधीच्यावर बसतो, कुणी हटकत नाही.

एकेक रेकॉर्ड वाचणं संथ आहे, एसक्यूएलचं मर्ज एका फटक्यात काम करतं, हा आक्षेप खरा आहे. एएस/४०० च्याच घराण्यातल्या आयबीएम आयवर २०१० च्या ७.१ आवृत्तीपासून मर्ज आहे आणि ते जरूर वापरावं. पण मास्टरची एकच ओळ दोनदा जुळली तर मर्जही एरर देऊन थांबतं. म्हणजे नवं हत्यारही तोच जुना प्रश्न विचारतं. ‘की’ युनिक असताना तपासायचं कशाला, असंही म्हणतात. मास्टरची की युनिक असते, पण एक्सेलमधून आलेल्या दरफाइलीला बहुधा कीच नसते. म्हणून आधी दोन क्वेरी चालवाव्यात: कोणता कोड दोनदा आला, आणि कोणता मास्टरमध्ये नाही? मग अपडेट, मग बदललेल्या ओळी मोजून ६० भरल्या तरच कमिट. यात पाच मिनिटं जातात. चुकीच्या दराने गेलेला माल परत मागवता येत नाही.