शिरोड्याचं मीठ, रेडीचं लोखंड आणि आमची गाडी

आईचं माहेर शिरोड्याचं. बेळगावहून आंबोली घाट उतरायचा, सावंतवाडी मागे टाकायची आणि शिरोडा गाठायचं, हा रस्ता लहानपणापासून आमचा ठरलेला. दोन वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी व्हॅन घेऊन तिची फिरती खोली करून घेतली. दोन पलंग, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, टपावर कॅरियर आणि सरकत्या दारापाशी आईसाठी घडीची पायरी. त्यानंतर एका डिसेंबरात वेळागरच्या सुरूच्या बनात तीन रात्री राहिलो. पहाटे दार उघडलं की समोर समुद्र. आई म्हणाली, "माहेरच्या अंगणात झोपल्यासारखं वाटतंय."

परत आल्यावर गाडी घराशेजारी उभी राहिली. पुढे बेळगावचा पावसाळा झाला. ऑक्टोबरात एका रविवारी देवळापुढे आई गाडीतून उतरत होती आणि पायरी तिच्या पायाखालून निखळली. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. ती मला काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "पुढच्या खेपेला मी एस.टी.नं जाईन." ते जास्त लागलं.

पायरीचे चार बोल्ट मी हातात घेतले. वरून चकचकीत होते, पण दोन जागीच तुटलेले आणि आतून तांबूस भुगा. उद्यमबागेतल्या एका मिस्त्रींना दाखवले. ते म्हणाले, "साहेब, हे साधं लोखंड, वर जस्ताचा पातळ मुलामा. खाऱ्या हवेत किती टिकणार ओ?"

मग नीट समजून घेतलं. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवेतला प्राणवायू पुरतो. त्यात मीठ मिसळलं की त्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याचा वेग वाढतो. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणजे समुद्रावरून घरी आलो तरी मीठ फटीत बसून काम करतच राहतं. आम्ही तेव्हा गाडी वरून धुतली होती, खालून नाही. चूक तिथे होती.

स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर पृष्ठभागावर आपोआप तयार होतो आणि आतलं लोखंड झाकतो. आपल्या घरातली बहुतेक चांगली भांडी 304 प्रकारची. समुद्राकाठी 316 बरं, कारण त्यात मॉलिब्डेनमही असतं आणि मिठापुढे ते जास्त टिकतं. बोल्टच्या डोक्यावर ए2 असेल तर 304 च्या जातीचा, ए4 असेल तर 316 च्या. दुकानात हे वाचून घ्यायचं, नुसत्या चकाकीवर जायचं नाही.

मी उत्साहात गाडीतला प्रत्येक बोल्ट बदलायला निघालो होतो. मिस्त्रींनी अडवलं. "चाकाचे, ब्रेकचे, सीटबेल्टचे हात लावू नका. तिथं कंपनीनं ताकद मोजून बोल्ट दिलेत." खरं होतं. डोक्यावर 8.8 किंवा 10.9 लिहिलेला बोल्ट हा जास्त ताण सोसणारा असतो. नेहमीचा ए2-70 किंवा ए4-70 त्याहून कमी सोसतो. गंजत नाही म्हणजे तो सगळीकडे चालतो, असं नाही.

दोन रविवार गेले. पायरी, दाराच्या बिजागऱ्या, पलंगाचे कोपरे, कॅरियर, टाकीचे पट्टे असे एकूण 86 बोल्ट आणि स्क्रू बदलले. अडकलेले आदल्या रात्री तेल सोडून ठेवले, तरी सात-आठ ग्राइंडरनं कापावे लागले. छिद्रांच्या कडा घासून प्राइमर लावला. कॅरियर ॲल्युमिनियमचा. स्टीलचा बोल्ट त्याला थेट टेकला आणि मध्ये खारं पाणी आलं, तर ॲल्युमिनियम झिजतं. म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर घातले. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर घाईनं फिरवला तर आटे एकमेकांत घट्ट रुततात आणि मग नट पुढेही जात नाही, मागेही येत नाही. दोन बोल्ट असे वाया घालवल्यावर मी ग्रीस लावून हळूहळू आवळायला शिकलो. पायरीची पट्टीही सडली होती, ती जाड पत्र्याची नवी करून घेतली. मग मी स्वतः तिच्यावर उभा राहून उड्या मारल्या. बाबा हसत होते, आई खिडकीतून बघत होती.

फेब्रुवारीत निघालो. आई आली, पण एस.टी.च्या वेळा विचारून ठेवूनच.

शिरोड्याच्या मिठागरांपाशी थांबलो. उथळ वाफ्यांत समुद्राचं पाणी घेतात, उन्हात ते आटतं आणि पांढरं मीठ खाली राहतं. 1930 साली इथेच मिठाचा सत्याग्रह झाला. तिथून थोडं पुढे रेडी. तिथली माती तांबडी, कारण तिच्यात लोखंडाचं खनिज. रेडीच्या बंदरातून ते जहाजांवर चढवलं जायचं. ते खनिज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचंच संयुग, गंजाचं भावंडच म्हणा. भट्टीत माणूस त्यातून लोखंड वेगळं काढतो आणि लोखंड पुन्हा मातीकडे निघतं. माझ्या बोल्टमधला भुगा आणि रेडीची माती एकाच रंगाची का, ते तिथे उभं राहून कळलं.

मामांना सगळी हकिगत सांगितली. आयुष्य होड्यांच्या संगतीत गेलेला माणूस. ते म्हणाले, "खारो वारो कोणाक सोडता? होडी रोज बघूक लागता, तशी गाडी पण बघ."

आता नियम साधा आहे. किनाऱ्यावरून आलं की त्याच दिवशी गोड्या पाण्यानं गाडी खालूनही धुवायची. पावसाळ्याआधी आणि नंतर पाना घेऊन एक फेरी मारायची. वही केली आहे, तीत तारखा लिहितो.

वेळागरला गाडी लावली तेव्हा मी हात पुढे केला. आईनं तो धरला नाही. आधी एक पाय पायरीवर ठेवून दाबून पाहिलं, मग दुसरा ठेवला आणि वाळूत उतरली. परतीच्या वेळी एस.टी.चा विषय निघाला नाही.