उकंडा

रिठद या आमच्या वऱ्हाडातल्या गावी, घरामागं, गोठ्याच्या पलीकडं तो पसरलेला असतो. पुस्तकात त्याला उकिरडा म्हणतात; आमच्याकडं उकंडा, कुणी उकर्डा. वऱ्हाडात हे माणसाचंही नाव आहे. पाठोपाठ लेकरं दगावली की पुढचं जन्मलं त्याला उकंड्यावर लोळवायचं आणि नावही तेच ठेवायचं. असल्या टाकून दिलेल्या पोरावर यमाचीही नजर जाणार नाही, हा हिशेब. आता असं नाव कुणी ठेवत नाही, पण पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांत एखादे उकंडराव अजून भेटतात आणि ठणठणीत असतात.

शहरातून गावाकडं परतून ‘घरचं खायला घरीच पिकवू’ म्हणणारे मित्र मला विचारतात ते बियाण्याचं. मिरची कोणती लावू, सांबार म्हणजे कोथिंबीर कधी पेरू, कोंबड्या किती पाळू? मी विचारतो, उकंड्याला जागा धरली का? त्यांना वाटतं मी टाळतोय.

उकंडा हा गडी खादाड आहे, पण खाण्यात भारी चोखंदळ. सोयाबीन काढल्यावर उरलेलं कुटार एकटंच वाढलं तर तो तोंड फिरवतो. वर्षभर जसंच्या तसं पडून राहतं. नुसतं ओलं शेण आणि भाजीचा पाला टाकला तर त्याचं पोट बिघडतं आणि वास शेजाऱ्यांच्या ओसरीपर्यंत जातो. शेतीचं शास्त्र सांगतं, एक वाटा नत्राला पंचवीस-तीस वाटे कर्ब हवा. आजीला हा आकडा ठाऊक नव्हता. ती शेणाच्या पाटीमागं कुटाराच्या टोपल्या टाकायची, मधून माती भुरकायची आणि उन्हाळ्यात धुण्याचं नाही, साधं पाणी शिंपडायची. तिखट-मीठ कळणाऱ्या बाईला हेही कळतं.

थंडीच्या सकाळी त्याच्या पाठीवरून वाफ निघते. आत साठ अंशांपर्यंत ऊब चढते. त्यात तणाचं बी आणि रोगाचे जंतू मरतात. आजी लोखंडी सळई खुपसून ठेवायची आणि थोड्या वेळानं काढून हाताला लावायची. चटका बसला म्हणजे स्वारी कामात आहे. सळई थंड निघाली, मूठभर माल काळा, भुसभुशीत आणि पहिल्या पावसासारखा वासाचा असला, की मगच त्याला वावराचं दर्शन.

मला तेवढा धीर नव्हता. परसबागेच्या पहिल्याच वर्षी अर्धकच्चं खत उपसून वांगी-मिरचीच्या बुडाशी घातलं. रोपं पिवळी पडली, कारण न कुजलेला काडीकचरा कुजायला लागणारं नत्र आधी स्वतःच ओढून घेतो. त्यातून आलेल्या उन्नी अळीनं मुळं खाल्ली ती वेगळीच. आजी वाफ्याकडं बघत एवढंच म्हणाली, “काहून उठोलं बाप्पा त्याले? झोप तं होऊ द्याची!”

म्हण सांगते की बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसदला, नारायण देवराव पांढरीपांडे या गृहस्थांनी ही मुदत चार महिन्यांवर आणली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ‘नाडेप’ हा शब्द झाला. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं टाकं. भिंतींत मुद्दाम ठेवलेली भोकं, म्हणजे हवा खेळावी. काडीकचरा, शेणकाला, माती असे थर. पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपायचा. म्हणजे याचं दुसरं जेवण. सगळ्यात मोलाची गोष्ट ही की एवढ्या टाक्याला शेण शंभरेक किलोच पुरतं. ट्रॅक्टर आल्यावर ज्यांच्या दावणीला बैल उरले नाहीत, त्यांच्या दारी उकंडा उपाशी मरू नये, याची सोयच ती.

उकंड्याची कीर्ती सातासमुद्रापारही आहे. इंग्रज शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला त्याचा अभ्यास करून 1931 मध्ये पुस्तक काढलं, आणि सेंद्रिय शेतीवाले आजही हॉवर्डचं नाव भक्तिभावानं घेतात. त्या पुस्तकावर दुसरं नाव आहे यशवंत वाड. ते मात्र फारसं कुणी घेत नाही. उकंड्यावर पुस्तक लिहिणाऱ्याच्याही वाट्याला थोडं उकंड्याचंच नशीब यावं!

आताशा त्याची तब्येत बरी नसते. गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पाकिटांच्या चिंध्या त्याला पचत नाहीत. तुऱ्हाट्या आणि कुटार, त्याचा हक्काचा घास, कितीतरी वावरांत बांधावरच पेटवून देतात. आग लावणाऱ्याचा मला राग येतो, पण मजूर मिळत नाही आणि हरभरा पेरायची घाई असते, हेही मला दिसतं.

तरी कोंबड्या पहाटेच त्याच्या अंगावर चढतात. उकरून किडे-गांडुळं टिपतात, आणि ते अंड्याच्या रूपानं आमच्या ताटात येतं. दिवाळीत आई त्याच्यापाशी पणती ठेवते. औंदा पणती ठेवायला गेली तर वाट अडलेली. स्वयंपाकघरातून कधीतरी गेलेल्या बियांचा कोहळ्याचा वेल उकंड्यावरून गोठ्याच्या टिनांवर चढला होता. पानं बाजूला सारली तर आत तीन कोहळे, त्यांतला एक घागरीएवढा. आईनं पणती आधी त्या कोहळ्यापासून लांब सरकवली, मग काडी ओढली.